मदत हवी आहे: जुन्या मिलिंगच्या रेट्रोफिटमध्ये एक्स अक्षाचे काउंट हरवतात

मंडळी, गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या सीएनसी मिलिंग मशीनचा कंट्रोलर काढून लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मेसाचं ७आय७७ कार्ड (सर्वो ड्राइव्ह आणि एन्कोडर जोडायचं) बसवलंय. डीसी सर्वो मोटर, टॅको (वेग मोजणारा जनरेटर) आणि ±१० व्होल्टचे मूळ ड्राइव्ह तसेच ठेवलेत. एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) २५०० पल्सचा, दर पल्सला चार काउंट, म्हणजे फेऱ्याला १०,००० काउंट. बॉलस्क्रू ५ मिमी पिचचा, थेट जोडलेला. स्केल मिमीला २००० काउंट.

स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बंद असताना दोन इंडेक्समध्ये (फेऱ्याला एकदा येणारा पल्स) बरोबर १०,००० काउंट येतात. व्हीएफडी चालू केला की टेबल उभं असताना आकडा एका काउंटने नुसता थरथरतो, पण टेबल सरकताना काउंट कायमचे जातात. दहा-बारा फेऱ्यांत ०.०३ मिमीचा फरक. वाय, झेड ठीक आहेत. एक्सचीच एन्कोडर केबल मोटरच्या वायरीसोबत एका केबल-चेनमधून ६ मीटर जाते.

शील्ड फक्त पॅनेलकडे अर्थ केलंय. एन्कोडरपाशी ४.९ व्होल्ट मिळतात. व्हीएफडीचा कॅरिअर (स्विचिंगची वारंवारता) ८ वरून २ किलोहर्ट्झवर आणल्यावर त्रास कमी झाला, थांबला नाही. पावसाळ्यात इथे कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून त्याही बदलल्या.

एन्कोडर सिंगल-एंडेड आहे, म्हणजे प्रत्येक सिग्नलला एकच वायर. मोटरपाशी २६एलएस३१ ही लाइन-ड्रायव्हर चिप लावून ए, बी, इंडेक्स हे सिग्नल डिफरेन्शियल (उलट-सुलट जोडीच्या वायरींवर) करावेत आणि कार्डावरचे जंपर बदलावेत, की एन्कोडरच नवा घ्यावा? डीसी मोटरच्या कार्बनच्या भुकटीत ती चिप टिकते का? आणि कार्डाचा एन्कोडर फिल्टर (छोटे खोटे पल्स गाळणारा) कोणी वापरलाय का, रॅपिडला (सर्वात वेगाने सरकताना) काउंट न गमावता? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर सांगा.