ग्रामसभेत समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणाचा ठराव मांडावा काय?

वैनगंगाकाठ (आरमोरी तालुका):
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावातील तरुण मंडळाने २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत देशाचा समुद्रकिनारा आणि समुद्रातील जीवसृष्टी यांच्या रक्षणासाठी ठराव मांडायचे ठरवले आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केलेला विरोध आणि तो डावलून ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालेले भूमिपूजन यांविषयी वाचल्यापासून मुले अस्वस्थ आहेत. गावातील ज्येष्ठांचे म्हणणे मात्र असे की, रानटी हत्तींनी तुडवलेल्या धानाची भरपाई मिळवताना आपल्या नाकी नऊ येत असताना राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्राची काळजी आपण कशासाठी वाहावी? त्यांचा प्रश्न मला टाळायचा नाही. आमच्यासारख्या दूरच्या गावाच्या म्हणण्याला कायद्याने काही वजन आहे काय, आणि केवळ भावना व्यक्त करण्यापलीकडे ठरावात काय असावे, हे जाणकारांनी सांगावे.

धान उत्पादक (ब्रह्मपुरी):
आपल्या नदीचे पाणी कोकणात जात नाही, हे ठरावाच्या पहिल्याच परिच्छेदात यावे. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, तेथून पुढे ती प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. बुलढाणा, अकोला आणि अमरावतीकडील पूर्णेचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते; म्हणजे विदर्भाचे नाते दोन्ही समुद्रांशी आहे. गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगाचे अभयारण्य आहे. तेथील कांदळवनाला (खारफुटीच्या जंगलाला) नदीचे गोडे पाणीही लागते आणि गाळही लागतो, आणि त्या झाडांच्या मुळांत कोळंबी, खेकडे व कित्येक माशांची पिल्ले वाढतात. आपण धरणात गाळ अडवतो, तेव्हा तो त्या मुखापासूनही अडवतो.

पुढे जे जाते त्याचाही विचार व्हावा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते, गोसीखुर्दच्या जलाशयात साठते आणि आपल्या गावांवरून पुढे वाहते. त्यात आपण धानाला गरजेपेक्षा जास्त दिलेला युरिया आणि बांधावर टाकलेल्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या यांची भर पडते. नदीतून नत्र प्रमाणाबाहेर गेले की मुखाजवळच्या समुद्रात सूक्ष्म शैवाल माजते, ते मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळाशी राहणारे जीव गुदमरतात. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, ठरावात एक कलम स्वतःच्या शिवाराचे असावे: माती परीक्षणानुसारच खत, आणि बाटल्या गोळा करण्यासाठी ग्रामपंचायतीची एक ठरलेली जागा. ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे, कारण ही नदी आधी आपली आहे आणि पुढे समुद्राची.

वकील (अमरावती):
कायद्याविषयीचे उत्तर होकारार्थी आहे, फक्त कोणत्या टप्प्यावर बोलायचे ते समजून घ्यावे लागते. इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरती रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. त्या विचारातून पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना आली. २०११ मध्ये ती नव्याने काढली गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बदलली. या २०१९ च्या बदलात, २०११ च्या जनगणनेनुसार ज्या ग्रामीण किनारी भागात दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तेथील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला गेला. माझ्या मते ही माघार होती.

अशा अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर ६० दिवसांच्या आत कोणाही व्यक्तीला लेखी हरकत घेता येते. त्यासाठी किनाऱ्यावर राहण्याची अट नाही. (सार्वजनिक हिताचे कारण देऊन शासन ही मुदत वगळू शकते, म्हणून राजपत्रावर लक्ष ठेवणारा एक तरी माणूस मंडळात असावा.) प्रकल्पांच्या बाबतीत २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणी स्थानिक बाधितांसाठी आहे, परंतु प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूशी रास्त संबंध असलेल्या इतरांनाही लेखी म्हणणे मांडण्याची सोय आहे. नदीचा संबंध वर धान उत्पादकांनी दाखवलाच आहे. तो हरकतीत स्पष्ट लिहावा.

एकाच छापील मजकुरावर शेकडो सह्या करून पाठवलेल्या हरकतींपेक्षा कलमाचा क्रमांक, नकाशावरील जागा आणि अपेक्षित बदल सांगणारी दोन पानी हरकत अधिक उपयोगी पडते. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले, तर मुदतीत नोंदवलेला असा कागद दाखवता येतो. लोकांचा पाठपुरावा वाया जात नाही, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली, आणि आता सार्वजनिक प्रकल्पासाठीसुद्धा कांदळवन तोडायचे असल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

मत्स्य सहकारी संस्थेचा सभासद (पवनी):
मी ढिवर समाजाचा आहे आणि मामा तलावांत (माजी मालगुजारी तलावांत) व वैनगंगेवर मासेमारी करत मोठा झालो, म्हणून मला या ठरावात मच्छीमार दिसायला हवा असे तीव्रतेने वाटते. किनारा वाचवायचा म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला हटवायचे, अशी मोहीम असेल तर तिला माझा पाठिंबा नाही. किनारा नियोजनाच्या नकाशांवर कोळीवाडे, मासळी वाळवण्याच्या जागा आणि होड्या ओढून ठेवण्याच्या जागा नीट दाखवल्या जात नाहीत, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. नकाशात नसलेली जागा उद्या मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या भागात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि जंगल राखणाऱ्याच्या हाती जंगल दिल्याने काय होते तेही आपण पाहिले आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांना तसा कायदा नाही. तो व्हावा अशी त्यांच्या संघटनांची मागणी आहे. गडचिरोलीच्या ग्रामसभेने ती उचलून धरली, तर तिच्यामागे अनुभव उभा राहील.

दुसरी गोष्ट प्रजननकाळाची. पहिल्या पावसात चढणीचे मासे मारले की पुढच्या वर्षी तलाव रिकामा राहतो, हे आमच्या जाणत्यांनी आम्हाला शिकवले. समुद्रात याच कारणासाठी पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. लहान यांत्रिक होडीवाला घरी बसून बंदी पाळतो. पण माशांचा अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरील निर्बंध आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून मारण्यावरील बंदी मोडणाऱ्या मोठ्या नौका सुटतात. ठरावात अंमलबजावणीची मागणी याच ठिकाणी नेमकी करावी. आपल्या गोदावरीतही समुद्रातून वर चढणारा मासा आहे. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात. तो पुराच्या पाण्यात अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो आणि दवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते.

संरक्षण आणि पोट एकत्र चालू शकते, याबद्दल शंका असणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातील वेळासची माहिती घ्यावी. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पूर्वी जी अंडी चोरीला जात, ती आता गावकरी सांभाळतात आणि पिल्ले पाहायला येणाऱ्यांना घरोघरी उतरवून चार पैसे मिळवतात.

वैनगंगाकाठ (आरमोरी तालुका):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळाशी बोलून मसुदा चार कलमांचा केला आहे: शिवारातील खत व बाटल्या, नागपूरच्या सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया, मच्छीमारांच्या वहिवाटीच्या जागांची नकाशांवर नोंद, आणि त्यांच्या हक्काचा कायदा. ठराव मंजूर झाल्यास त्याच्या प्रती कोणाला पाठवाव्यात?

वकील (अमरावती):
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय, महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आपले खासदार. सर्व प्रती नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावत्या ठरावाच्या मूळ प्रतीसोबत ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून ठेवा. सांडपाण्याचे कलम मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला वेगळ्या पत्राने कळवा.