अल्ट्रासाऊंडने स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) बरा होतो का? भावासाठी विचारतेय

सांगोल्याची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय २६, आठ महिन्यांपूर्वी गोठ्याच्या पत्र्यावरून पडला, पाठीचा डी-१२ चा मणका फुटला, ऑपरेशन करून रॉड-स्क्रू टाकलेत. कमरेखाली हालचाल नाही पण डाव्या मांडीला हात लावला की थोडं कळतं, रिपोर्टवर 'एशिया बी' लिहिलंय. आता एक सेंटरवाले म्हणतात परदेशात अल्ट्रासाऊंडने नसा जाग्या करतात, तेच मशीन आमच्याकडे आहे, ४० सेशनचे दीड लाख. आई म्हणते गाय विकू पण करूच. नेटवर खरंच तशा बातम्या दिसतात म्हणून गोंधळलेय. कुणी घेतलंय का?

फिजिओ_मिरज
ताई, आत्ता एक रुपया भरू नका. आमच्याकडे जे मशीन असतं ते १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं, जेल लावून हेड गोल गोल फिरवायचं, खांदा-टाच दुखत असेल तर ऊब मिळते. कॉर्ड असतो हाडाच्या पिंजऱ्यात, आणि हाड या लाटा शोषतं नि परतवतं, आत काही फारसं पोचत नाही. ऑपरेशनमध्ये मागचं हाड काढलं असेल तर तिथे हे मशीन लावायचंच नाही असं आम्हाला शिकवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही सारखं विचारतो "गरम लागतंय का?", तुमच्या भावाला ते कळणारच नाही, म्हणजे कातडी भाजेपर्यंत पत्ता लागत नाही. माझ्याकडे एकाच्या पायाशी घरच्यांनी मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, ते फोड भरायला तीन महिने गेले.

रात्री_वाचणारा
बातम्या खोट्या नाहीत, पण ते अल्ट्रासाऊंड वेगळं. त्यात लाटा कमी ताकदीच्या असतात, तुकड्या-तुकड्याने सोडून एका जागी एकवटतात, भाजण्याइतकी उष्णता होऊ देत नाहीत, पेशीच्या आवरणाला हलका धक्का बसतो आणि आवरणातली पिएझो-१ सारखी प्रथिनांची दारं उघडतात, अशी त्यामागची कल्पना. कॉर्डवरचं बरंचसं काम अजून उंदरांवरच आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर दिले, पण ते शरीरात बसवायच्या उपकरणासाठी, ताज्या दुखापतीत कॉर्डचा रक्तपुरवठा बघायला आणि सुधारायला. आठ महिने जुन्या केससाठी नाही. अमेरिकेत १९९४ ला परवानगी मिळाली ती हाड जुळायला मदत करणाऱ्या अल्ट्रासाऊंडला, लोक दोन्ही एकच समजतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे परवानगी मिळालेलं आर्क-ईएक्स हे उपकरण तर विजेचं आहे, कातडीवरून देतात, ते मानेच्या दुखापतीत हातांसाठी, त्याची ट्रायल ६० जणांवर झाली होती.

चाकावरचा_२०१६
ताई, मी सी-६, म्हणजे मानेच्या मणक्याची दुखापत. पहिल्या दोन वर्षांत आम्ही घरातलं सोनं मोडून असल्या तीन ठिकाणी गेलो, म्हणून कळकळीने लिहितोय. त्या सेंटरला विचारा ही ट्रायल आहे का, असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदणी) नंबर द्या. खऱ्या ट्रायलमध्ये प्रयोगाच्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. एशिया ही कॉर्डच्या दुखापतीची श्रेणी, त्यातला 'बी' म्हणजे संवेदना अगदी खालपर्यंत शिल्लक आहे, ही चांगली गोष्ट आहे, तपासणी परत करून घ्या. मुंबईला हाजी अलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तिथे एकदा दाखवा. पैसा घालायचाच तर चांगली उशी, कॅथेटर, उभं राहायची फ्रेम यात घाला. आणि गाय ठेवा, दूध त्याला लागेल.

सांगोल्याची_ताई
फोन केला. ट्रायल नाही म्हणाले, मशीन १ मेगाहर्ट्झचंच निघालं. आईला सगळं वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली राहू दे. फिजिओ दादा, तुमचं वाचून आज त्याला कुशीवर वळवून नीट बघितलं, माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे, बोट दाबून सोडलं तरी पांढरा होत नाही, लालच राहतो. हे काय असतं?

फिजिओ_मिरज
बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. आत्तापासून त्या जागेवर अजिबात वजन नको, कुशीवर ठेवा, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदला. चोळू नका, पावडर-तेल काही नको. उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा आणि इथे कळवा.