बाबांना पेटी शिकू द्या

पासष्टीत बाबांना पेटी शिकवून उपयोग काय, विशीनंतर मेंदूत नवी पेशी होतच नाही, असं तुम्ही म्हणता. इतकं ठाम कुणीच सांगू शकत नाही. 1998 साली स्वीडनमधल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागात नव्याने जन्मलेले न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, दिसले. 2018 साली संशोधकांच्या एका गटाला प्रौढांत ते सापडलेच नाहीत; वाद अजून मिटलेला नाही. पण शिकणं नव्या पेशींवरच अडत नाही, जुन्या पेशींमधले जोडही बदलतात, आणि ते म्हातारपणीही. आमच्या फोंड्यात शेजारच्या आजी निवृत्तीनंतर पेटी शिकल्या. काळ्या पट्टीवर बोट अडखळलं की तेवढीच जागा पुन्हा पुन्हा घोळवतात; आता देवळातल्या भजनाला साथ करतात. बाबांना या चतुर्थीच्या आधीच बसवा.