चौथीच्या प्रोजेक्टात कविता + चित्र + संशोधन : शिकणं की नुसती सजावट?

वैतागलेला_बाबा
मुलगी चौथीत. शाळेतून प्रोजेक्ट आला, 'पक्ष्यांची घरटी', आणि खाली सूचना की एक कविता हवी, एक चित्र हवं आणि 'संशोधन' हवं, तिन्ही एकाच फाइलमध्ये. घरी काय झालं ते सांगतो, तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच होत असणार. कविता बहिणाबाईंची, 'अरे खोप्यामधी खोपा', सुवाच्य अक्षरात उतरवून भोवती लेस चिकटवली. चित्र बायकोनं काढलं, पोरगी झोपल्यावर. संशोधन म्हणजे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतो तो पक्ष्यांचा तयार चार्ट, कापला आणि फेविकॉलने डकवला. आणि 'माझे निरीक्षण' या मथळ्याखाली पोरीनं लिहिलं, "सुगरण मादी आपल्या पिल्लांसाठी घरटे विणते." म्हटलं हे कुठे निरीक्षण केलंस, तर म्हणे कवितेत आहे ना!

आता खरी गोष्ट अशी की सुगरणीचं घरटं नर विणतो. पावसाळ्यात ज्याचं डोकं पिवळंधमक होतं तो. मादी फार तर आतलं किरकोळ काम करते. बाईंनी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आणि सजावटीला भरघोस मार्क दिले.

माझं म्हणणं सरळ आहे. कविता मराठीच्या तासाला, चित्र चित्रकलेच्या तासाला, परिसर अभ्यासात फक्त बघा, मोजा, लिहा. तिन्ही एकत्र केलं की पोरांना वाटतं छान दिसलं म्हणजे खरं असतं. पटत असेल तर सांगा, नसेल तर का ते सांगा.

खान्देशी_मास्तरीण
दादा, तुमचा राग कळतो, पण तो तुम्ही कवितेवर काढताय. मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि नेमकी हीच कविता घेऊन मी हाच प्रोजेक्ट केलाय, त्यामुळे लांबलचक लिहिते, वाचायचं तर वाचा.

आमच्याकडे बहिणाबाई म्हणजे घरचीच बाई, तिचं माहेर आसोदा काय लांब नाही. मुलांना कविता तोंडपाठ होती. शाळेमागच्या विहिरीवर बाभूळ आहे आणि पावसाळ्यात तिला खोपे लटकतात, ते मुलं रोज बघतात म्हणजे बघत नाहीत, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते. मी एवढंच विचारलं की कवितेत ती बांधते, मग जा आणि बघून या कोण बांधतंय. दोन रिकामे डबे ठेवले. पिवळं डोकं गवत घेऊन आलं की खडा या डब्यात, भुरं डोकं आलं की त्या डब्यात. मधल्या सुट्टीत पाळीपाळीने बसायची. पिवळ्याचा डबा भरत चालला आणि दुसऱ्यात खडखडाट. मग वर्गात जे भांडण झालं ते ऐकायला हवं होतं तुम्ही, एक गट म्हणे बहिणाबाई खोटं कशाला बोलेल, दुसरा म्हणे खडे मोजा, तिसरा म्हणे ह्या झाडावर असं असेल, आसोद्याला वेगळं असेल! हा तिसरा गट मला सगळ्यात आवडला, कारण ते न शिकवता नमुन्याबद्दल बोलत होते.

आणि मग त्यांनी स्वतः कविता केली. एका पोराची देते, दुरुस्त न करता:

पिवळा आनतो गवत
भुरी बसते पाहत
नको म्हने, गेली उडून
खोपा राह्यला लोंबत

ह्या चार ओळीत काय काय आलंय बघा. नर खोपा अर्धा विणतो, हेल्मेटसारखा दिसेल इतपत, मग मादी येऊन पसंत करते. आवडला तर तो खालची नळी विणून पुरा करतो, नाही आवडला तर अर्धवट खोपा तसाच. पोरानं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

वैतागलेला_बाबा
मास्तरीणबाई, मानलं, पण तुमच्या उदाहरणात काम केलं ते खड्यांनी आणि डब्यांनी. कविता काढून टाका, काय बिघडतं? "खोपा कोण बांधतं ते बघा" हा प्रश्न कवितेशिवायही विचारता येतोच की.

खान्देशी_मास्तरीण
येतो ना. विचारून बघा. चौथीतलं पोर "नर बांधतो का मादी" असं विचारलं तर एक उत्तर ठोकून देतं आणि खेळायला पळतं. बहिणाबाई चुकली का, हे ठरवायचं म्हटल्यावर ते पावसात उभं राहतं. फरक एवढाच आहे पण तोच आख्खा फरक आहे.

कवितेचा_कोपरा
माझा विरोध दोघांनाही आहे, आणि बाबांपेक्षा मास्तरीणबाईंना जास्त. क्षमस्व.

'बहिणाबाई चुकली का' हा प्रश्नच मुळात पोरांसमोर ठेवायचा नसतो. ती कविता पक्ष्याची नोंदवही नाहीये. शेवटाकडे ती कुठे जाते बघा, एवढीशी चोच, तेच तिचे दात आणि तेच ओठ, आणि माणसा तुला देवानं दोन हात दहा बोटं दिलीत. सगळा रोख माणसाकडे आहे. शाळेचं तोंड न बघितलेली बाई घरात शेतात राबताना हे रचते आणि आपण तिला खडे मोजून नापास करणार? नर विणतो म्हणून कवितेचा एक शब्द तरी हलतो का? चौथीतल्या पोराला एकदा "कवितेत माहिती चुकीची आहे" असं शिकवलंत की तो पुढे प्रत्येक कवितेत माहितीच शोधत बसतो. मग दहावीत येतो आणि विचारतो, सर ह्याचा उपयोग काय. मी ते दहावीवाले शिकवतो.

थोडक्यात, कविता विज्ञानाच्या गाडीला जुंपू नका. ह्या एका मुद्द्यावर बाबांशी सहमत, कारण वेगळं.

खान्देशी_मास्तरीण
सर, नापास कोणी केलं नाही. भांडणाच्या शेवटी एक मुलगी म्हणाली, "तिले घरट्यातून पिल्लाले चारा घालणारी दिसली असंन, म्हनून तिचं घर म्हने." आणि हे खरंच आहे हो, अंडी मादीच उबवते, नर तोवर दुसरा खोपा विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी. बहिणाबाईनं काय बघितलं असेल इथपर्यंत ती पोरगी पोचली. कविता वाचणं ह्याहून वेगळं काय असतं तुमच्या दहावीत?

पेन्सिल_टोकदार
चित्राबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मध्ये पडतो. कलाशिक्षक आहे, आठवड्याला दोन तास, तेही गणिताचं राहिलं की जातात.

बाबा, तुमच्या घरी रात्री जे झालं ते चित्र नव्हतं, रंगकाम होतं. निरीक्षणाचं चित्र वेगळं. मुलांना आधी मनाने सुगरणीचं घरटं काढायला सांगा. दहातली नऊ जण बाजूला गोल भोक काढतात, चिमणीच्या खोक्याला असतं तसं. मग गळून पडलेला जुना खोपा समोर ठेवा (झाडावरचा अजिबात तोडायचा नाही, हे आधीच सांगतो) आणि पुन्हा काढायला लावा. आता पेन्सिल अडते. भोक कुठाय? खाली, नळीच्या टोकाला. मग आत अंडं पडत कसं नाही? की हात आत घालतात आणि कळतं की नळीच्या बाजूला उंबरठ्यासारखी आडवी कड आहे आणि अंड्यांची खोली तिच्या पलीकडे आहे. कुठेतरी मातीचे गोळे चिकटवलेले सापडतात. हे तीन प्रश्न चित्र काढताना पडले, नुसतं बघून पडले नसते, कारण नुसतं बघताना डोळा घसरून जातो आणि काढताना रेघ कुठेतरी नेऊन टेकवावीच लागते.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींचंच घ्या. बर्लिनहून परत आले १९३० मध्ये, नोकरी नाही, अलिबागजवळ किहीमला घर होतं तिथे जाऊन राहिले आणि तिथल्या सुगरणींच्या वसाहतीकडे बघत बसले. एक नर एकामागून एक खोपे बांधतो आणि प्रत्येक खोप्याला वेगळी मादी, हे त्यांनी तिथे उलगडलं आणि १९३१ मध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नलमध्ये छापलं. साधन काय होतं, वेळ आणि वही.

दोन_शिक्षकी_शाळा
सगळं गोड आहे. आता जरा जमिनीवर येऊया का.

चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कायम ऑनलाइन माहिती भरण्यात. असरचा, म्हणजे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, २०२४ चा अहवाल बघा, देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के. २०२२ पेक्षा सुधारलंय, पण तरी चारातलं एक. वरून निपुण भारतचे (पायाभूत वाचन-गणिताची सरकारी मोहीम) दौरे. अशा वेळी मी मुलाला "नको म्हने गेली उडून" लिहायला बसवू का जोडाक्षरं वाचायला? तुमच्या शाळेत पोरं लिहिती आहेत म्हणून कविता होते ताई. माझ्याकडे आधी वाचन, मग गणित, मग जमलं तर खोपा.

आणि आणखी एक, ह्या सगळ्याला मार्क कसे द्यायचे? आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालतं ते) नोंदीत "उपक्रमात उत्साहाने भाग घेतो" एवढं लिहून मोकळे होतो आपण सगळे, खोटं कशाला बोला.

खान्देशी_मास्तरीण
सर, ती कविता ज्या पोराची आहे ना, तो जोडाक्षरात अडकणाराच आहे. त्यानं सांगितली, मी फळ्यावर लिहिली, मग त्यानं ती स्वतःची म्हणून आठवडाभर सगळ्यांना वाचून दाखवली. 'राह्यला' त्याला आता वाचता येतं. तुम्ही वाचन आधी म्हणता, मी म्हणते वाचायला काहीतरी त्याचं स्वतःचं द्या. मार्कांचं मात्र तुमचं खरं आहे, तिथे मीही तेच उत्साहाने वगैरे लिहिते.

दोन_शिक्षकी_शाळा
एका पोराचं झालं म्हणून धोरण होत नाही ताई. बाकीच्यांचं काय झालं ते पण लिहा कधीतरी.

चिंचोका
आमची सीबीएसई. तिकडे २०२०-२१ पासून हे आर्ट इंटिग्रेटेड (विषयाला कला जोडायची) प्रकरण पहिली ते दहावी सक्तीचं आहे. आणि राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, त्यामुळे ठाण्यातला प्रत्येक पोरगा दरवर्षी पट्टचित्र (ओडिशाचं पारंपरिक कापडावरचं चित्र) काढतो. यूट्यूब लावायचं, कार्डशीटवर ॲक्रिलिकने जगन्नाथ, खाली गुगलवरून ओडिशाची लोकसंख्या. झालं इंटिग्रेशन. बाबांचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू.

पण माझ्या सासूबाईंनी ह्या वर्षी गंमत केली. नातवाच्या कागदावर लिहिलं होतं की पुरीजवळच्या रघुराजपूरचे चित्रकार कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून आधी पट तयार करतात. आजी म्हणाली, अरे चिंचोक्याची खळ तर आमच्याकडे घोंगडीला लावायचे! झालं, चिंचोके भाजले, भिजवले, वाटले, शिजवले, सगळं किचन चिकट. जुन्या धोतराच्या एका तुकड्याला खळ, एकाला मैद्याची चिकट पेस्ट, एक तसाच, आणि तिन्हीवर एकच रंग. कोऱ्यावर रंग फुटला, खळीवर रेघ धारदार आली. मैद्याच्या तुकड्याला नंतर मुंग्या लागल्या, ते पण पोरानं लिहून ठेवलं.

शाळेला ते तुकडे मळकट वाटले आणि प्रदर्शनात कार्डशीटवाला जगन्नाथ लागला. तेव्हा दोष कला जोडण्याचा नाहीये, बघायला येणाऱ्या पालकांना काय दाखवायचं ह्याचा आहे.

वैतागलेला_बाबा
चिंचोका, मस्त. पण बघा, ह्यात आजी होती, वेळ होता, वाटणघाटण करणारं कोणीतरी घरी होतं. मास्तरीणबाईंकडे बाभूळ आणि विहीर आहे आणि मुळात त्या आहेत. माझा प्रश्न सरासरी शाळेचा आहे. तिथे ह्या तीन गोष्टी एकत्र मागितल्या की सगळ्यात सोपी दिसते ती सजावट, तेवढीच होते. एकच गोष्ट मागितली, फक्त निरीक्षण, तर निदान लपायला जागा राहत नाही. ज्या शाळेत चांगल्या बाई आहेत तिथे तुम्ही काहीही एकत्र करा, चालेल.

पेन्सिल_टोकदार
लपायला जागा नाही? अहो निरीक्षणाची वही तर सगळ्यात आधी कॉपी होते. "झाड हिरवे आहे, पक्षी सुंदर आहे," पन्नास वह्यांत तेच. स्वतः काढलेलं वाकडं चित्र कॉपी करता येत नाही, शेजारच्याचं वाकडं वेगळं असतं. चित्र तपासणं सोपं आहे, पोराला विचारा, हे भोक खाली का काढलंस? बघितलं असेल तर सांगेल.

कवितेचा_कोपरा
ह्याच न्यायाने कवितेलाही विचारणार का, ही उपमा का दिलीस? विचारू नका हो.

खान्देशी_मास्तरीण
ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी एक, आमचं पुढच्या पावसाळ्यात करायचं राहिलंय. खोपे बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या बाजूला असतात, नैर्ऋत्येचा पाऊसवारा अंगावर येऊ नये म्हणून. मुलांना झाडाचा वरून दिसेल तसा नकाशा काढायला लावायचा, दिशा टाकायच्या आणि प्रत्येक खोप्याला एक ठिपका. चित्र पण तेच आणि मोजणी पण तीच, बाबांना चालेल बहुतेक.

वैतागलेला_बाबा
हे चालेल. ह्यात कविता नाहीये, लक्षात आलं का तुमच्या?

गच्चीवरून
खोपे, बाभूळ, विहीर... आमच्या सोसायटीत फक्त कबुतरं आहेत. एसीच्या मागे चार काड्या टाकतात आणि त्यालाच घरटं म्हणतात. त्यावर कोण कविता करणार?

खान्देशी_मास्तरीण
करतील की! आणि तिथे कोडं जास्त अवघड आहे. कबुतरात नर मादी दोघंही अंडी उबवतात, दिवसा बराच वेळ नर आणि रात्री मादी. आता दोघं दिसायला जवळपास सारखी, मग डबा कोणता आणि खडा कुठे टाकायचा ते तुमच्या पोरांना विचारा.

गच्चीवरून
विचारलं. धाकटा म्हणतोय एकाच्या शेपटीचं पीस तुटलंय, त्यावरून ओळखू. थोरली म्हणतेय आधी जाळी बसवा.