प्रतिसाद : मदत कोणती आणि व्यवहार कोणता

ब्रिटनप्रमाणे भारतानेही इतर देशांना द्यायच्या मदतीसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापावे, या सूचनेशी मी सहमत नाही. ब्रिटनने 1997 मध्ये उभारलेले तसे खाते 2020 मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन केले. आपल्याकडे 2012 पासून हे काम परराष्ट्र मंत्रालयातील विकास भागीदारी प्रशासनाकडे आहे. पण बदली होऊन येणारा अधिकारी प्रकल्प समजून घेईपर्यंत त्याची पुढची बदली आलेली असते, आणि खरी अडचण मला तिथे दिसते.

कर्जरूप मदतीचा मार्ग तर आणखी वळणांचा आहे. मंजुरी सरकारची, करार व पैसा मुंबईच्या एक्झिम बँकेचा (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक), व्याजातील सवलतीचा भार केंद्राच्या तिजोरीवर, आणि साधारणपणे 75 टक्के माल व सेवा भारतातूनच घेण्याची अट. म्हणजे पैसा बराचसा फिरून घरीच येतो (यात गैर काही नाही, पण त्याला दानधर्म म्हणू नये).

आमच्या रत्नागिरीत 2020 मध्ये ‘कोकण रेल्वेने नेपाळला गाड्या दिल्या’ असे कौतुकाने बोलले जात होते. वस्तुतः बिहारमधील जयनगर ते नेपाळमधील कुर्था हा सुमारे 35 किलोमीटरचा मार्ग भारताच्या अनुदानातून झाला, तर त्यावरच्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी) गाड्या नेपाळने कोकण रेल्वेकडून विकत घेतल्या. रूळ मदतीचे, गाड्या व्यापाराच्या. हा फरक सरकारी निवेदनांतूनही ठळकपणे मांडला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.