द व्हिलेजेससाठी गोल्फ कार्ट: आधी बॅटरी बघा
गोल्फ कार्ट कोणत्या कंपनीची घ्यावी, यामाहा, क्लब कार की ई-झी-गो, यावर बरंच बोलून झालं, पण फ्लोरिडात द व्हिलेजेस या निवृत्तांच्या वसाहतीत राहणाऱ्या तुमच्या आईवडिलांसाठी मी आधी बॅटरी ठरवेन. लेड-अ‍ॅसिड (शिसं आणि आम्लाची, जुन्या पद्धतीची) म्हणजे बहुधा 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकेक जवळपास 30 किलोची. सीट उचलून त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनल पुसायचे. तिथल्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं. सत्तरीत हे कोण करणार? लिथियम महाग खरी, पण ही सगळी कटकट संपते. जुन्या गाडीत बसवलीत तर चार्जरही लिथियमचाच घ्या, यात अजिबात काटकसर नको. ब्रँडमध्ये माझं मत क्लब कारला: चौकट अ‍ॅल्युमिनियमची, दमट हवेत पोलादासारखी गंजत नाही. रोज लांब फेऱ्या असतील तर मात्र यामाहाची पेट्रोलवरची गाडीही चालवून बघा.