मदत हवी आहे: इन्फ्रारेड फोटोंत मधोमध पांढरा डाग

रानभूल
जाणकारांनो, लवकर सांगा, शनिवारी पहाटे कासला निघायचंय. ७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर (दिसणारा उजेड अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा) आणला, गच्चीतून समोरच्या गुलमोहराचे फोटो काढले. सगळं लालभडक आणि मधोमध पांढुरका गोल. लेन्स पुसली, फिल्टर पुसला, डाग ढिम्म. फिल्टर बदलून मागू का? आणि फुलांवरच्या मधमाशीला दिसणाऱ्या खुणा यूव्हीत (अतिनील किरणांत) टिपायला काय लागतं?

खटपट्या
कॅमेरा? लेन्स? अ‍ॅपर्चर? कन्व्हर्ट केलाय का, म्हणजे आतली इन्फ्रारेड अडवणारी काच काढलीय का?

मोगरा
यूव्ही फिल्टर कुठल्याही फोटोच्या दुकानात मिळतो. मी कायम लावते, लेन्सवर एक चरा नाही.

खटपट्या
ताई, तो यूव्ही अडवणारा. यांना यूव्ही आत घ्यायचाय आणि बाकीचा उजेड अडवायचाय.

रानभूल
साधा डीएसएलआर, ५० एमएम. ट्रायपॉड, ३० सेकंद, एफ १६. त्याने काय फरक पडतो?

खटपट्या
त्यानेच तर पडतो! हा हॉटस्पॉट, फिल्टर बिचारा निर्दोष. लेन्सची कोटिंग्ज आपल्याला दिसणाऱ्या उजेडासाठी केलेली. इन्फ्रारेड आतल्या आत आपटून मधोमध जमतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र जितकं बारीक, तितका डाग ठळक. एफ ५.६ किंवा त्याहून मोठं (म्हणजे आकडा लहान) ठेवून बघा, नाही गेला तर दुसरी लेन्स.
लाल रंगाचं: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, उन्हातल्या हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स घ्या. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरचा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर २००० केल्विनखाली जात नाही, त्यामुळे वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं. मग फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये लाल-निळ्याची अदलाबदल.

सह्यवेडा
एवढी उस्तवार कशाला? जुनी बॉडी घ्या, सेन्सरपुढची आयआर (इन्फ्रारेड) अडवणारी काच काढून घ्या, हातात धरून फोटो काढा. कासच्या वाऱ्यात तेरडा ३० सेकंद गप उभा राहील होय?

खटपट्या
हे सगळं शनिवारच्या आत? कमाल आहे.

सह्यवेडा
मग शनिवारी हललेली फुलं आणा. शिवाय ढग असले की इन्फ्रारेड फोटोंतलं ते काळंभोर आभाळही विसरा.

निशाचर
मी म्हणतो ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. अंधारात विंचवावर मारा, हिरवट निळा पेटतो! ३९५ ची स्वस्तातली नको, जांभळा उजेड सांडतो. डोळ्यांना यूव्ही गॉगल हवाच.

खटपट्या
विंचू कोणी विचारलाय? ते फ्लुओरेसन्स, यूव्ही पडल्यावर विंचू दिसणारा उजेड सोडतो. मधमाशीच्या खुणांसाठी फुलावरून परतणारा यूव्हीच टिपावा लागतो. सूर्यफुलाच्या पाकळ्यांची टोकं तो परतवतात, बुडं शोषतात, म्हणून मध्ये गडद चक्र दिसतं. त्याला फुल-स्पेक्ट्रम (यूव्हीपासून आयआरपर्यंत सगळं टिपणारा) कॅमेरा, आयआरही अडवणारा यूव्ही-पास फिल्टर आणि कमी भिंगांची साधी जुनी लेन्स लागते. तुमच्या आत्ताच्या सामानात होणार नाही.

मोगरा
कासचं ऑनलाइन बुकिंग केलंत ना? शनिवार-रविवार मरणाची गर्दी असते.

रानभूल
बुकिंग झालंय. एफ ४ वर डाग बराच कमी झाला, पण आता फोटो धूसर.

खटपट्या
आयआरचा फोकस जरा सरकतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते. तुमच्यावर नसेल तर फिल्टर लावून लाइव्ह व्ह्यूत हाताने जुळवा.

रानभूल
केलं. स्क्रीन काळीठिक्कर.

खटपट्या
आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. उभे कुठे आहात?

रानभूल
हॉलमध्ये. चांगला लख्ख एलईडी आहे.

खटपट्या
एलईडीत आयआर जवळपास नसतोच हो! तारेचा पिवळा बल्ब असेल तर लावा, नाहीतर उद्या ऊन पडेपर्यंत थांबा.